वरून दुसरं बटण

मित्रांनो, आधी माझी बटणं पाहून घ्या. वरपासून खालपर्यंत पाच आहेत. चार लाकडी, एकाच कुळातली. वरून दुसरं मात्र परकं आहे, कुठल्याही दुकानात मिळतं तसलं. घरी येणारे पाहुणे त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "अहो, हे एवढं एक बदलून का टाकत नाही?" घरातले नुसते हसतात. मी एक जुना स्वेटर आहे, रंग उडालेला, बाह्या थोड्या आटलेल्या. उत्तर मलाच द्यायला हवं, कारण जे घडलं त्याच्या दोन्ही दिवशी मी हजर होतो.

माझा जन्म एका पावाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत झाला. खाली भट्टी, वर घर. मला विणणारी बाई म्हणजे दुकानाची मालकीण. सगळा रस्ता तिला मावशी म्हणतो, पण ती खरी मावशी एकाच मुलीची. ती मुलगी शाळेत होती तेव्हा तिचे आईवडील कामासाठी दूर गेले आणि तिला वर्षभरासाठी म्हणून इथे ठेवून गेले. ते वर्ष काही संपलं नाही. पोरगी हडकुळी, म्हणून मावशीने तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली. आता चिमणी चांगली भरलेली बाई आहे, पिठाचं पोतं एकटीने उचलते, तरी नाव तेच.

माझी पाठ आधी झाली, मग पुढचे दोन भाग, शेवटी बाह्या. डावी बाही मावशीने दोनदा उसवली. विणता विणता ती दुकानातल्या गिऱ्हाइकांशी भांडायची आणि रागात तिचे टाके घट्ट पडायचे. लोकर काळपट निळी होती. बटणं मात्र विकतची नव्हती. मावशीचे यजमान, चिमणीचे काका, लाकडाच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातायचे. एक पाय थोडा वाकडा निघाला, तो त्यांनी घरी आणला, त्याच्या चकत्या कापल्या आणि घासून घासून पाच बटणं केली. प्रत्येकाला चार भोकं.

"दोन पुरली असती," मावशी म्हणाली.

"पुरली असती. पण चार असली की एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो," काका म्हणाले.

त्यानंतर काका फार दिवस राहिले नाहीत. मावशी त्यांच्याविषयी कधी फारसं बोलली नाही. ती फक्त चिमणीला मला घालताना खालून वर बटणं लावत यायची आणि प्रत्येक बटणावर तिचा अंगठा क्षणभर टेकायचा. ते तिचं बोलणं होतं.

माझी कामाची वर्षं साधी गेली. पहाटे चिमणी मला घालून खाली उतरायची, शटर उघडायची, भट्टी तापली की मला दारामागच्या खुंटीला अडकवायची. भट्टीजवळ मला नेत नसत. तरी पीठ माझ्या टाक्याटाक्यांत शिरलं होतं. मावशी कणीक मळायची आणि चिमणीला म्हणायची, "बोटाने दाब. खड्डा लगेच भरला तर घाई करू नकोस. सावकाश भरला तर भट्टीत घाल." एवढ्या एका वाक्यात तिचं सगळं शास्त्र होतं आणि ते चिमणीच्या बोटांत उतरलं होतं.

मग टीव्हीवर पाव आणि केक भाजणाऱ्यांची स्पर्धा जाहीर झाली. खरी माणसं, खरे हात, खरे अश्रू, असं जाहिरातीत म्हणत होते. रोजच्या टपालवाल्याने चिमणीच्या डोक्यात भुंगा सोडला.

"चिमणे, जाच तू. तिथे परीक्षक आहेत. माझ्यासारखे नुसते खाणारे नाहीत."

"आणि दुकान?"

"दुकान मी बघते," मावशी म्हणाली. "माझं वय झालंय, हात झाले नाहीत. जा. पण तिथे जाऊन नखरे करू नकोस. जे येतं ते कर."

थंडीचे दिवस होते. निघायच्या सकाळी मावशीने मला चिमणीच्या अंगात घातलं, खालून वर बटणं लावली आणि म्हणाली, "घाबरलीस की काकांच्या बटणाला हात लाव." मित्रांनो, प्रेमाने दिलेला सल्लाही कधी कधी अंगाशी येतो. चिमणी घाबरली की वरून दुसरं बटण पिळायला लागली. आणि तिथे घाबरण्यासारखं बरंच होतं.

स्पर्धा एका मोठ्या गोदामात होती. आत खोटी स्वयंपाकघरं बांधली होती. खिडक्या होत्या, पण खिडक्यांमागे दिवे होते आणि तिथे दिवसभर सकाळच असायची. पहिल्याच दिवशी चिमणीने भट्टीतून पाव काढला. पाव सुरेख फुगला होता. ती आनंदाने ओरडली. लगेच कोणीतरी म्हणालं, "छान! परत एकदा. आत ठेवा आणि पहिल्यांदा बघताय असं काढा." तिने पाव आत ठेवला, काढला, ओरडली. "अजून एकदा. आता कॅमेरा डावीकडून." तोवर पाव थंड झाला होता. एका माणसाने नळीतून वाफ सोडली. गार पावातून वाफ निघाली आणि सगळे म्हणाले, झकास. चिमणीने पाव हातात धरून विचारलं, "माझी पहिली ओरड तुम्हाला मिळाली नाही का? ती खरी होती हो." कोणी ऐकलं नाही.

तिथे एक बाई होत्या. त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. सगळे त्यांना ताळमेळबाई म्हणत. कालचं आणि आजचं चित्र एकमेकांशी जुळलं पाहिजे, हे पाहणं त्यांचं काम. पेल्यात पाणी किती होतं, बट कोणत्या कानामागे होती, बाही दुमडलेली होती की नव्हती, सगळं त्यांच्या डोळ्यांत असायचं. त्यांनी चिमणीला पहिल्याच दिवशी बजावलं.

"ताई, मुलाखतीच्या खुर्चीवर बसताना दर वेळी हाच स्वेटर. हीच वेणी. आणि स्वेटर धुवायचा नाही, रंगात फरक पडतो. तो इथेच राहील."

"दर वेळी? आठवडेच्या आठवडे?"

"हो. कुठल्याही दिवसाचं बोलणं कुठल्याही दिवसाला जोडता आलं पाहिजे."

त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. दुधवाल्याने दुधाचं माप सांगावं तितक्या सरळपणे त्या बोलल्या. चिमणीला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मलाही नाही. मला वाटलं, चला, आपली बढती झाली.

मुलाखतीच्या खोलीत एक खुर्ची, मागे करडा पडदा आणि समोर कॅमेरा. कॅमेऱ्याच्या बाजूला एक माणूस बसायचा. तो प्रश्न विचारायचा, पण टीव्हीवर तो कधीच दिसत नसे आणि त्याचा आवाजही काढून टाकत. म्हणून तो म्हणायचा, "उत्तर पूर्ण वाक्यात द्या. माझा प्रश्न उत्तरात यायला हवा." मी त्याला मनात प्रश्नवाला म्हणायचो. बोलायला गोड होता.

पहिल्या मुलाखतीत त्याने विचारलं, "पाव भाजायला कोणाकडून शिकलात?"

चिमणी ताठ बसली. तिचा हात काकांच्या बटणावर होता. ती म्हणाली, "पाव भाजायला मावशीकडून मी लहानपणीच शिकले. तिने बोट धरून शिकवलं. मला जे येतं ते तिचं आहे." एवढं बोलून तिने डोळे पुसले. प्रश्नवाल्यालाही बरं वाटलं असावं, कारण ते वाक्य त्याने परत बोलायला लावलं नाही. मित्रांनो, हा झाला पहिला दिवस. माझी पाचही बटणं तेव्हा लाकडी होती, हे लक्षात ठेवा.

दिवस गेले. थंडी गेली. बाहेर ऊन तापायला लागलं, तरी खुर्चीवर बसताना मी अंगात हवाच. वरून दिवे. चिमणीच्या पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या आणि त्या मलाच प्याव्या लागायच्या. मला धुवायचं नव्हतं. मला माझाच वास सहन होईना. आणि अशाच एका दिवशी तिच्या छातीवर माइक लावताना त्याची तार बटणात अडकली. ते बटण पिळून पिळून आधीच सैल झालं होतं. टप्प आवाज झाला. काकांनी केलेलं बटण खुर्चीखालच्या लाकडी मंचावर पडलं, घरंगळलं आणि फळ्यांच्या फटीतून खाली गेलं.

चिमणी गुडघ्यांवर बसली. फटीत बोट घालून पाहिलं, खिळ्याने टोकरून पाहिलं. "मंच उचला ना," ती म्हणाली. "एवढा मंच?" प्रश्नवाला म्हणाला, "ताई, बटणासाठी?" वेळ नव्हता. ताळमेळबाईंनी आपला डबा उघडला, त्यातल्या त्यात जुळणारं तपकिरी बटण निवडलं आणि माझ्यावर शिवलं. त्याला दोनच भोकं होती. पण टाका असा पक्का घातला की आजतागायत हललेला नाही.

"लांबून कळणार नाही," त्या म्हणाल्या. मग उभ्या राहिल्या आणि प्रश्नवाल्याला मोठ्याने म्हणाल्या, "पण ऐका. आजपासूनचं चित्र आणि आधीचं चित्र एका वाक्यात जोडू नका. बटण वेगळं आहे."

"बटण कोण बघतंय?"

"मी बघते."

"तुम्ही कपड्यांची जुळणी बघा, बाई."

"तेच तर करतेय. कपड्यांची जुळणी माझी. बोलण्याची जुळणी कोण बघतं इथे?"

खोलीत दोनचार माणसं हसली. प्रश्नवालाही हसला आणि म्हणाला, "चला, दिवे लावा."

चिमणी रडवेली झाली होती. मावशीला काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अशा मनःस्थितीत तिला पुढचा प्रश्न आला. त्या दिवशी तिने केकवर साखरेची फुलं केली होती आणि ती बरी जमली होती. प्रश्नवाल्याने विचारलं, "ही साखरेची फुलं कुठे शिकलात? एखाद्या वर्गाला गेला होता?"

पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं ती विसरली. थकलेल्या आवाजात म्हणाली, "छे, कुठल्या वर्गाला जाऊन काही शिकले नाही. माझं मीच केलं सगळं."

हा झाला दुसरा दिवस. पुढच्याच फेरीत तिचा केक एका बाजूने बसला आणि ती स्पर्धेतून बाहेर पडली. सगळ्यांना वाटलं ती रडेल. तिने परीक्षकांना नमस्कार केला, जिन्यात आली आणि म्हणाली, "सुटले बाई." मला एका पिशवीत घालून तिच्या हाती दिलं. सोबत सूचना होती: कार्यक्रम संपेपर्यंत धुऊ नका, एखादी ओळ परत घ्यावी लागेल. घरी आल्यावर तिने मला वरच्या खोलीतल्या खुंटीला अडकवलं, पुढची बाजू भिंतीकडे करून. मला कारण कळलं. मावशीच्या नजरेला ते बटण पडू नये, यासाठी तिची धडपड होती.

काही आठवड्यांनी कार्यक्रम सुरू झाला. चिमणीच्या भागाच्या संध्याकाळी वरच्या खोलीत माणसं मावेनात. टपालवाला पुढे बसला होता. मावशीने नवी साडी नेसली होती आणि "मला काय, मी दुकानाचं आवरून येते," असं म्हणत सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. पाव फुगला, वाफ निघाली, टाळ्या पडल्या. मग करडा पडदा आला, खुर्ची आली, खुर्चीवर चिमणी आली आणि तिच्या अंगात मी. मी खुंटीवरून, पाठीच्या टाक्यांतून, स्वतःला बघत होतो. छान दिसत होतो, हे खोटं कशाला सांगू?

टीव्हीतली चिमणी म्हणाली, "मावशीकडून मी..." चित्र थोडं हललं, चेहरा थोडा मागे गेला आणि ती पुढे म्हणाली, "...काही शिकले नाही. माझं मीच केलं सगळं."

त्यावर शेजारच्या स्पर्धकाच्या उंचावलेल्या भुवया दाखवल्या. त्या भुवया मी पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. नाकात पीठ गेलं होतं आणि त्याला शिंक येत होती.

टपालवाल्याने घसा खाकरला आणि कामं आठवली म्हणून उठला. त्याच्यामागे बाकीचे उठले. मावशीने रिकामे कप गोळा केले आणि मोरीवर जाऊन विसळायला लागली. कप विसळून झाले तरी पाणी वाहत होतं.

"मावशी, मी असं म्हणाले नाही."

"बरं."

"खरंच नाही गं. शपथ."

"मग टीव्हीत कोण होतं? तुझी जुळी बहीण? मलाच विसर पडलाय वाटतं, दोघी सांभाळल्या आणि एकच आठवते."

मावशी चिडली की टोमणे मारते, ते घरात सगळ्यांना सवयीचं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून टोमणेही बंद झाले, आणि ते फार वाईट होतं. ट्रे. मीठ. झालं. शटर. एवढेच शब्द उरले. दुकानात येणारे म्हणायचे, "काय मावशी, भाचीने तर नाव काढलं!" आणि मावशी सुटे पैसे मोजत बसायची. चिमणीने कार्यक्रमवाल्यांना फोन केला. प्रश्नवाला गोड आवाजात म्हणाला, "ताई, शब्द तुमचेच आहेत. आम्ही एकही शब्द पदरचा घातलेला नाही." तेही खरंच होतं. तिने फोन ठेवला.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, सांगू? एके दुपारी चिमणी एकटीच वर आली, माझ्यापाशी उभी राहिली आणि पुटपुटली, "म्हणाले असेन का मी? दमले होते. बोलून गेले असेन." त्या भागाकडे परत बघायची तिची छाती नव्हती. तीच खुर्ची, तोच पडदा, तीच वेणी, तोच मी. सगळे दिवस एकसारखे दिसत होते, म्हणून ते वाक्य एका दमात बोलल्यासारखं वाटत होतं. ते तसं वाटावं, यासाठीच मला घामात बुडवून न धुता ठेवलं होतं. मला दोन्ही दिवस पाठ होते. पण लोकरीला वाचा नसते, मित्रांनो. नाहीतर त्या दिवशी मी खुंटीवरून ओरडलो असतो.

मग मावशीने ठरवलं. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी राहतो, तिथे जायचं. तिने दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"तुझं तूच करतेस ना सगळं? मग भट्टी आता तूच बघ."

"किती दिवसांसाठी?"

"बघू."

ज्या घरात वर्षभरासाठी आलेली मुलगी कायमची राहिली, त्या घरात "बघू" या शब्दाचा अर्थ चिमणीला नीट ठाऊक होता. ती दारात उभी राहून मावशीचं सामान भरणं बघत होती. मावशीने साड्या ठेवल्या, चष्म्याचं घर ठेवलं, काकांचा फोटो ठेवला. मग ती खुंटीपाशी आली.

"हा मी नेते. मी विणलाय."

"मावशी, तो नको. तो धुतलेला नाही."

"मळाला मी भीत नाही."

तिने मला खुंटीवरून काढलं, पलंगावर पसरलं आणि घडी घालण्याआधी सवयीने खालून वर बटणं लावत आली. पहिल्यावर अंगठा टेकला. दुसऱ्यावर टेकला. तिसऱ्यावर टेकला. चौथ्यावर थांबला. ती बघत खिडकीबाहेर होती, पण अंगठ्याने पाहिलं. तिने चष्मा काढला होता, तो परत लावला.

"हे कुठलं?"

चिमणी मला घ्यायला पुढे झाली.

"चिमणे, हे बटण कुठलं? याला दोन भोकं आहेत."

"हरवलं गं ते." चिमणीचा बांध फुटला. "माइकच्या तारेत अडकलं. फटीत गेलं. मी शोधलं, खूप शोधलं. तिथल्या बाईंनी हे लावून दिलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. एक तर तसं बोलून बसले, त्यात काकांचं बटणही..."

"कधी हरवलं?"

"अं?"

"रडू नंतर. कधी हरवलं ते सांग. पहिल्या दिवशी का नंतर?"

"नंतर. ऊन तापलं होतं. साखरेची फुलं केली त्या दिवशी."

मावशी पलंगावर बसली. मी तिच्या मांडीवर होतो. तिची बोटं त्या परक्या बटणावरून फिरत होती आणि त्या बोटांत काहीतरी जागं होत होतं. पाव फुगला की नाही ते पाहताना तिची बोटं अशीच थांबायची.

"फोनवर लागतो ना तो कार्यक्रम? लाव."

"मला नाही बघवत."

"तू नको बघूस. मी बघते. लाव."

चिमणीने फोन काढला. करडा पडदा आला. मावशीने फोन नाकाशी धरला; चिमणी डोळे मिटून, एक बोट फोनच्या काचेवर ठेवून बसली. टीव्हीतली चिमणी म्हणाली, मावशीकडून मी. "थांबव," मावशी म्हणाली. चित्र थांबलं. वरून दुसरं बटण लाकडी होतं, त्याची कड चिमणीच्या बोटांत होती. "आता पुढे जाऊ दे. थांबव." चित्र परत थांबलं. काही शिकले नाही, इथवर ते आलं होतं, आणि वरून दुसरं बटण तपकिरी होतं, चकचकीत, दोन भोकांचं.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "वाक्याच्या मध्येच बटण बदललं?"

चिमणीने डोळे उघडले. तिने फोन घेतला, मागे नेला, पुढे आणला, परत मागे नेला. लाकडी. तपकिरी. लाकडी. तपकिरी. मग ती जमिनीवर बसली आणि तिला सगळं आठवलं. पाव भाजायला मावशीकडून मी लहानपणीच शिकले. छे, कुठल्या वर्गाला जाऊन काही शिकले नाही. दोन्ही वाक्यं तिने मावशीला पुरती बोलून दाखवली, प्रश्नांसकट. दुसरं सांगताना ती हसायला लागली, कारण त्यात मावशीचा म सुद्धा नव्हता.

"म्हणजे मी म्हणाले नाही," ती म्हणाली. "मावशी, मी म्हणालेच नाही!"

"तू काय मला पटवतेस? मी बघतेय ना."

"अगं, मी मलाच सांगतेय."

मावशीने तिला जवळ ओढलं. मी दोघींच्या मध्ये चेपलो गेलो आणि मला कशाचीही तक्रार नव्हती. मावशी म्हणाली, "मी वेडी तुझ्या तोंडाकडे बघत बसले. बटणाकडे बघायचं होतं." मग तिने नाक मुरडलं. "आणि शी, किती घाण वास येतोय याला."

"काकांचं बटण मात्र मी हरवलं. ते खरं आहे."

"ते खरं आहे. त्याची शिक्षा म्हणून महिनाभर ट्रे तू घासायचे." एवढं बोलून मावशी उठली, पिशवीतून काकांचा फोटो काढला आणि परत खिळ्याला लावला. किल्ल्या तिने टेबलावरून उचलून कमरेला खोचल्या. सामान काढून ठेवण्याचं काम चिमणीने केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रश्नवाल्याचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीसारखा गोड होता. लोकांना तो भाग फार आवडला होता, म्हणे. आता त्याला एक प्रसंग घ्यायचा होता: भाची मावशीची क्षमा मागते, मावशी क्षमा करते, दोघी रडतात. कॅमेरा घेऊन तो थेट दुकानात येणार होता. "एवढंच करा," तो म्हणाला, "स्वेटर तोच घाला. धुतला नाहीत ना?"

चिमणीने फोनवर हात ठेवून मावशीला सगळं सांगितलं. मावशी तेव्हा मोरीवर होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, बादलीत साबणाचा फेस केला आणि मला दोन्ही हातांनी पाण्याच्या तळापर्यंत दाबलं.

"सांग त्याला," ती म्हणाली, "स्वेटर भिजत घातलाय."

चिमणीने तसंच सांगितलं आणि फोन ठेवला. मित्रांनो, ते पाणी! किती महिन्यांचा घाम, दिव्यांची धग, त्या गोदामातली कायमची सकाळ, सगळं माझ्यातून सुटून चाललं होतं. पाणी आधी करडं झालं, मग निळं झालं. माझा रंगही गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. मावशीने मला पिळलं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं आणि सावलीत आडवं पसरलं. वाळलो तेव्हा मी फिकट झालो होतो, बाह्या बोटभर आटल्या होत्या आणि कुठल्याही कॅमेऱ्यातल्या कुठल्याही दिवसाशी माझं आता जुळत नव्हतं.

पुढे एका सकाळी ताळमेळबाई दुकानात आल्या. रांगेत उभ्या राहिल्या. त्यांनी आधी खुंटीवर मला पाहिलं, मग चिमणीला.

"रंग गेला," त्या म्हणाल्या.

"गेला," चिमणी म्हणाली.

"बरं झालं." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्यांना."

"मला आठवतंय."

मावशी आतून पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने ताळमेळबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "टाका तुम्ही घातलात ना? पक्का आहे. या, पाव गरम आहे. ही वाफ आपोआप येते."

घरात काकांच्या लाकडाचा तुकडा अजून आहे. त्यातून सहावं बटण कापता येईल, असं टपालवाला दोनदा म्हणाला. मावशी म्हणते, राहू दे. हे असलं की हा स्वेटर खोटं बोलू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. लोकरीचा कपडा पिळू नका, सावलीत आडवा वाळवा, आणि बटण सैल झालं की ते पडायच्या आत दोरा घाला. तरी पडलंच, तर नवं लावा आणि ते वेगळं दिसू द्या, लपवू नका. आणि तुमचं माणूस पडद्यावर त्याला न शोभणारं काही बोलताना दिसलं, तर रुसून सामान भरायच्या आधी एकदा चष्मा लावा. पहाटेचा गारवा सुटला आहे, चिमणी जिन्यावरून खाली येते आहे. आता मला कामावर जायचं आहे.